बाटली फिरवून पाहा

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, तेव्हा १८० मिलीच्या बाटलीची किमान किरकोळ किंमतही ठरवून दिली. देशी दारू ८० रुपये, नव्याने आणलेलं ‘महाराष्ट्र मेड लिकर’ १४८, भारतीय बनावटीचं विदेशी मद्य २०५ आणि उच्च प्रतीचं विदेशी मद्य ३६० रुपये. वाईन शॉपच्या जाळीपलीकडे मांडलेल्या बाटल्यांची क्रमवारी गिऱ्हाइकाच्या डोक्यातही साधारण अशीच असते. खालच्या फळीवरची स्वस्त, वरच्या फळीवरची बरी आणि कुलूपबंद काचेच्या कपाटातली उत्तम. साहेबांना दिवाळीची भेट द्यायची असेल तर बोट कपाटाकडे जातं, आणि ‘आज बसायचंय’ असा फोन आला असेल तर खालच्या फळीकडे.

ही उतरंड कराची आहे, चवीची नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने आयात स्कॉचवरचं विशेष उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं आणि त्याच बाटल्यांचे भाव एका फटक्यात उतरले. आतली व्हिस्की तीच होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने अमेरिकन बर्बनवरचा सीमाशुल्काचा भार १५० वरून १०० टक्के केला. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनबरोबर झालेल्या व्यापार कराराने स्कॉचवरचं १५० टक्के सीमाशुल्क आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरवलं आहे. भाव असे वरखाली होत राहणार. त्यामुळे किंमत बघून व्हिस्कीची पारख करणारा माणूस बहुतेक वेळा सरकारी अधिसूचनेची चव घेत असतो.

मग पारख करायची कशावरून? बाटलीच्या पुढच्या बाजूला हरणं, किल्ले, सोनेरी सिंह आणि स्कॉटलंडची चौकडी असते. कामाचा मजकूर मागे, बारीक टायपात असतो: कशापासून गाळली, लाकडात किती मुरली, किती टक्क्यांवर भरली. व्हिस्कीची चव या तीन गोष्टींनी ठरते. बाकी बरीचशी जाहिरात.

मळीची मुलगी

स्कॉटलंडचा कायदा सोपा आणि कडक आहे. २००९ च्या नियमांप्रमाणे स्कॉच म्हणवून घ्यायचं तर ती धान्यापासून तिथेच गाळलेली, ओकच्या पिंपात तिथेच किमान तीन वर्षं मुरलेली आणि किमान ४० टक्क्यांची हवी. रंगासाठी साधं कॅरमल चालतं, बाकी भेसळ नाही. बाटलीवर ‘१२ वर्षं’ लिहिलं असेल तर तो आकडा आतल्या सर्वांत कोवळ्या थेंबाचा असतो, सरासरीचा नव्हे. युरोपीय संघाचीही व्हिस्कीची व्याख्या अशीच आहे: धान्य आणि तीन वर्षं लाकूड.

आपल्याकडे वर्षानुवर्षं वेगळं चाललं. साखर कारखान्यात रस आटवून साखर काढून घेतली की उरते मळी. ती आंबवून, उभ्या स्तंभात पुन्हा पुन्हा गाळून जवळजवळ ९६ टक्के शुद्धतेचा मद्यार्क काढतात. धंद्यातला माणूस त्याला ईएनए म्हणतो, एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. त्याला ना वास, ना चव, ना गाव. त्यात थोडं भारतीय माल्ट, जमलं तर थोडी आयात स्कॉच, रंग आणि पाणी घालून ४२.८ टक्क्यांवर आणलं की झाली ‘इंडियन व्हिस्की’. हा ४२.८ आकडाही मजेशीर आहे. जुन्या ब्रिटिश मोजणीत ज्याला ७५ डिग्री प्रूफ म्हणत, ती ही ताकद. इंग्रज गेले, डिग्री राहिली. स्कॉच ४० ची आणि आपली ४२.८ ची, म्हणून आपली ‘जास्त कडक’ असं अभिमानाने सांगणारे महाभाग प्रत्येक परमिट रूममध्ये भेटतात.

जगात सर्वांत जास्त व्हिस्की भारतात खपते असं म्हणतात, त्यात या मद्याचा वाटा मोठा आहे. युरोपच्या व्याख्येत मळीचं मद्य व्हिस्कीत बसत नाही. महाराष्ट्राचा या कारभाराशी संबंध केवळ पिण्याचा नाही. उसाच्या पट्ट्यात कारखान्याच्या धुराड्याशेजारी डिस्टिलरी उभी असतेच. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळची टिळकनगर इंडस्ट्रीज १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांनी साखर कारखाना म्हणून सुरू केली. पुढे ती मद्यात आली, मॅन्शन हाउस ब्रँडीने तिला मोठं केलं, आणि जुलै २०२५ मध्ये तिने पेर्नो रिकार्ड या फ्रेंच कंपनीची इम्पीरियल ब्लू ही प्रचंड खपाची व्हिस्की सुमारे ४,१५० कोटींना घ्यायचा करार जाहीर केला. श्रीरामपूरच्या कंपनीने पॅरिसच्या कंपनीकडून व्हिस्की विकत घ्यावी, हे डहाणूकरांच्या काळात कुणी बोललं असतं तर त्याने किती घेतली आहे, अशी चौकशी झाली असती.

मळीऐवजी धान्याचा मद्यार्क वापरणारे ब्रँडही आता बरेच आहेत. रॉयल स्टॅग आणि ब्लेंडर्स प्राइड या दोन्ही त्या वाटेच्या. धान्य आलं म्हणजे चव आली असं मात्र नाही. ९६ टक्क्यांपर्यंत गाळलेल्या मद्यार्कात ज्वारी काय, तांदूळ काय आणि मका काय, कुणाची ओळख शिल्लक राहत नाही. चव येते ती त्यात मिसळलेल्या माल्टमुळे, आणि माल्ट महाग म्हणून ते बेतानेच पडतं.

ग्लासगोला निघालेले जगदाळे

माल्ट म्हणजे बार्लीला मोड आणून, वाळवून, भरडून, आंबवून तांब्याच्या भांड्यात गाळलेला मद्यार्क. एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्टपासून केलेली व्हिस्की ती सिंगल माल्ट. अनेक डिस्टिलऱ्यांचं माल्ट आणि धान्याची हलकी व्हिस्की एकत्र केली की ब्लेंड. जॉनी वॉकर, शिवास, टीचर्स ही सगळी ब्लेंड आहेत. ब्लेंड म्हणजे हलका माल असं समजायचं कारण नाही. चाळीस वासांचा मेळ घालणं हे एक वास सांभाळण्यापेक्षा सोपं काम नव्हे.

भारतीय सिंगल माल्टची गोष्ट बंगळूरला सुरू होते आणि तिच्या नायकांचं आडनाव मराठी कानाला ओळखीचं आहे. १९४८ मध्ये राधाकृष्ण राव जगदाळे यांनी अमृत डिस्टिलरीज काढली. रम, ब्रँडी आणि नेहमीच्या भारतीय व्हिस्क्या हा तिचा धंदा. ब्लेंडमध्ये मिसळायला म्हणून कंपनी माल्टही गाळत होती. पुढच्या पिढीतले नीलकंठ राव जगदाळे यांचे चिरंजीव रक्षित हे इंग्लंडात न्यूकॅसलला शिकत असताना त्यांनी अभ्यासाचा विषयच तो घेतला: ब्रिटनमधल्या भारतीय उपाहारगृहांत भारतीय माल्ट विकता येईल का? २४ ऑगस्ट २००४ रोजी अमृत सिंगल माल्ट बाजारात आली ती बंगळूरला नव्हे, मुंबईला नव्हे, थेट ग्लासगोच्या एका भारतीय रेस्टॉरंटात. स्कॉटलंडला जाऊन स्कॉटलंडवाल्यांना माल्ट विकायला निघणं हे धाडसच. सुरुवातीची काही वर्षं विक्रीही जेमतेमच होती.

कलाटणी मिळाली ती ‘फ्यूजन’ने. पाऊण भाग भारतीय बार्लीचं माल्ट, पाव भाग स्कॉटलंडहून आणलेल्या, पीटच्या धुरात वाळवलेल्या बार्लीचं. ताकद ५० टक्के. जिम मरे या इंग्रज समीक्षकाने ‘व्हिस्की बायबल’च्या २०१० च्या आवृत्तीत तिला शंभरपैकी ९७ गुण देऊन जगातली तिसरी सर्वोत्तम व्हिस्की ठरवलं. मरेसाहेबांच्या गुणांवर जगभर वाद होतात, व्हायलाच हवेत. पण त्या आकड्यानंतर भारतीय माल्टकडे कुणी हसून पाहिलं नाही. नीलकंठ राव २०१९ मध्ये गेले. आपल्या देशातल्या दुकानांत आपली माल्ट अभिमानाने मागितली जाते, हे त्यांना पाहायला मिळालं.

कुंकळ्ळीची उष्णता

दक्षिण गोव्यात मडगावच्या पुढे कुंकळ्ळी आहे. तिथल्या डिस्टिलरीत पॉल जॉन सिंगल माल्ट बनते. मूळ कंपनी बंगळूरची, जॉन डिस्टिलरीज. तिची ओरिजिनल चॉइस ही स्वस्त व्हिस्की कर्नाटकात घराघरांत माहीत. २०१२ मध्ये पॉल जॉननेही पहिलं पाऊल लंडनला टाकलं. मायकल डिसोझा तिचे मास्टर डिस्टिलर. सहा ओळींच्या कणसाची भारतीय बार्ली, तांब्याची भांडी आणि अमेरिकेहून आलेली बर्बनची रिकामी पिंपं, एवढ्यावर कारभार चालतो.

ही पिंपं इथवर येतात त्याला अमेरिकन कायदा कारण आहे. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका हवा आणि ती दर वेळी आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपातच मुरली पाहिजे. एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्याला पुन्हा बर्बनसाठी निरुपयोगी. ते स्कॉटलंड, आयर्लंड, बंगळूर आणि कुंकळ्ळी अशा वाटांनी निघतं. आपण ज्याला माल्टचा गोडवा म्हणतो त्यातला व्हॅनिला हा जळलेल्या ओकच्या लिग्निनमधून येतो, खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोनमधून. पिकलेल्या केळ्याचा वास मात्र लाकडाचा नाही, तो आंबवताना तयार होणाऱ्या एस्टरचा.

इथे उष्णतेचा खेळ सुरू होतो. पिंपातून दर वर्षी काही व्हिस्की हवेत उडून जाते. स्कॉच गाळणारे त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडात तो वर्षाला साधारण दोन टक्के. गोव्यात आठ टक्क्यांच्या आसपास, बंगळूरला दहाच्याही पुढे. हवा कोरडी असेल तर पाणी जास्त उडतं आणि उरलेली व्हिस्की कडक होते; हवा दमट असेल तर मद्यार्क जास्त उडतो. उष्णतेत लाकूड आणि मद्य यांची देवाणघेवाणही झपाट्याने होते. म्हणून पाच-सहा वर्षांत भारतीय माल्टला जो रंग आणि भार येतो, त्याला थंड देशात त्याच्या दुपटी-तिपटीने वेळ लागतो, असं इथले डिस्टिलर सांगतात. आपल्याकडे माल्ट अठरा वर्षं मुरवायची म्हटली तर पिंपाच्या तळाशी काय उरेल, हे सोपं गणित आहे. अमृतने २०१३ मध्ये आठ वर्षांची व्हिस्की काढली आणि तिचं नावच ठेवलं ‘ग्रीडी एंजल्स’. देवदूत हावरे निघाले, बाटल्या मोजक्या भरल्या.

याचा गिऱ्हाइकाला अर्थ एवढाच की भारतीय माल्टवर वय लिहिलेलं नाही म्हणून नाक मुरडू नये. वय हे हवामानाशी जोडून वाचायचं असतं. बारा वर्षं स्कॉटलंडच्या स्पेसाइडमध्ये आणि बारा वर्षं बंगळूरमध्ये, यांत आकडा सोडला तर काही समान नाही.

या दोघांमागून इतर आले. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या १९४३ च्या डिस्टिलरीतून रॅडिको खेतानची ‘रामपूर’ आली. हरियाणात कर्नालजवळच्या इंद्री गावातून ‘इंद्री त्रिणी’ आली. बर्बन, फ्रेंच वाइन आणि पेद्रो हिमेनेझ शेरी अशा तीन पिंपांतली. तिच्याच दिवाळी आवृत्तीला २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत ‘बेस्ट इन शो’ मिळालं, आणि दिवाळीआधी त्या बाटलीसाठी दुकानांत विचारणा सुरू झाली. राजस्थानात अलवरला डियाजिओची ‘गोडावण’ बनते. द्राक्षांच्या दिंडोरीतून पेर्नो रिकार्डची ‘लाँजिट्यूड ७७’ निघाली. नाशिककरांच्या पाहुणचारात वाइनशेजारी ही एक भर.

वास आधी, घोट नंतर

मराठी माणसाचं दारूशी नातं शंभर वर्षं ‘एकच प्याला’च्या सावलीत आहे. १९१९ मध्ये ते नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा नाटककार गडकरी हयात नव्हते, पण त्यांचा तळीराम अजून वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रोज जिवंत असतो. ‘थर्टीफर्स्टला तळीरामांवर कारवाई’ ही बातमी दर वर्षी छापून येते. त्यामुळे आपल्याकडे दारूवर बोलणं दोनच प्रकारचं: किती झाली आणि कुठली आणली. कशी लागली, हे कुणी विचारत नाही. लपूनछपून, घाईत, सोड्याखाली दाबून प्यायलेल्या गोष्टीला चव असते हे लक्षात यायला उसंत लागते.

चाखायला महाग सामान लागत नाही. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास हवा, कारण वास त्यात साठतो. तो नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालेल, पण रुंद तोंडाच्या जाड ग्लासात अर्धा वास पंख्याला जातो. तीस मिली पुरे. पंखा बंद, अगरबत्ती बंद, अत्तर लावून बसू नये. ग्लास नाकाखाली धरून तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, म्हणजे मद्यार्काचा झणका सरळ नाकात शिरत नाही. मग एवढासा घोट, जिभेवर फिरवून. पहिला घोट फुकट जातो असं समजा, कारण जीभ भांबावलेली असते. खरं काय ते दुसऱ्या घोटाला कळतं.

मग पाणी, तेही थेंबाने. फ्यूजनसारख्या ५० टक्क्यांच्या बाटलीत हा फरक हाताशी लागतो. कोरी असताना आधी मद्यार्काची धार येते, तिच्यामागे मध आणि ओलसर धूर. चहाच्या चमच्याने चार-पाच थेंब पाणी टाकलं, मिनिटभर थांबलं आणि पुन्हा नाक लावलं की धूर पुढे येतो, पाठोपाठ संत्र्याची साल, मग मनुका. घशाखाली उतरल्यावरही जिभेच्या मागच्या भागावर कोको रेंगाळतो. या पाण्याच्या करामतीला विज्ञानाचा आधार आहे. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं की व्हिस्की पातळ केली की धुराचा वास देणारा ग्वायकॉल हा घटक द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. नाक तिथेच असतं.

चकण्याचं काय? शेव, चिवडा, मसाला शेंगदाणे आणि लिंबू पिळलेला कांदा हे सगळं छान आहे, पण ते चाखून झाल्यावर. मिरचीने सुन्न झालेल्या जिभेला सहा हजारांची आणि आठशेची व्हिस्की सारखीच. चाखताना साधे बिनमिठाचे दाणे किंवा कोरा पाव आणि पाणी. बर्फ वास झोपवतो, म्हणून तोही नंतर. आणि क्रम हलक्याकडून जडाकडे. धुराची व्हिस्की नेहमी शेवटी, कारण तिच्यामागून आलेल्या कुणाचंच काही चालत नाही.

अशाच एका बैठकीत बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, ग्लासांना आकडे चिकटवून मित्रमंडळींना बसवलं. एक धान्याची भारतीय ब्लेंड, एक आयरिश जेमिसन, एक ब्लॅक लेबल, एक पॉल जॉन ब्रिलियन्स आणि शेवटी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची दहा वर्षांची लाफ्रॉइग. जेमिसनवर जवळपास सगळे खूश. तीनदा गाळलेली, गुळगुळीत, कुणाशी भांडण नसलेली. पॉल जॉनच्या ग्लासाला बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी ठामपणे “ही बाहेरची, भारीतली” म्हणून शिक्का मारला. पाचवा ग्लास नाकाशी नेताच ते दचकले.

“अहो, हे डेटॉल आहे!”

“टिंक्चर आयोडीन,” शेजारच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी तोच ग्लास स्वतःकडे ओढून घेतला. “मला आवडलं.”

टेबलावरच्या महागातल्या बाटल्यांपैकी ही एक होती आणि त्या बाई सोडून सगळ्यांनी तिला शेवटचा क्रमांक दिला. लाफ्रॉइग वाईट आहे असा याचा अर्थ नाही. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं कुजत साचलेली वनस्पतींची माती; तिच्या धुरात वाळलेल्या बार्लीची ही व्हिस्की ज्याला रुचते त्याला दुसरं काही रुचत नाही, आणि ज्याला रुचत नाही त्याला ती औषधच वाटते. भेट देताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

दुसरी फेरी सोड्याबरोबर झाली आणि ती जास्त बोलकी निघाली. धान्याची भारतीय ब्लेंड कोरी असताना पातळ आणि टोचरी लागली होती. दुप्पट सोडा घातल्यावर ती कुठली आणि ब्लॅक लेबल कुठली, हे खात्रीने सांगणारा कुणी उरला नाही. धूर जरा जास्त वाटतो म्हणून एकाने बोट दाखवलं, ते बरोबर निघालं, बाकी अंदाजपंचे. सोड्यात बुडवायची असेल तर बारा वर्षांच्या बाटलीचे पैसे वाया जातात, आणि कोलात घालायची असेल तर फारच वाया.

कोणत्या पैशात काय

खालचे भाव महाराष्ट्रातले, ७५० मिलीचे आणि ढोबळ आहेत. कर बदलला की तेही बदलतील, मागच्या लेबलावरचा मजकूर बदलणार नाही.

हजाराच्या आसपास. इथे भारतीय ब्लेंडचं राज्य आहे. मद्यार्क बहुतांश चवहीन, माल्ट बेताचं. धान्याचा मद्यार्क वापरणारी, रॉयल स्टॅगच्या धाटणीची बाटली घ्या आणि बिनधास्त सोडा घाला. कोरी पिऊन तिच्यात गुण शोधू नका. या पैशात खरोखर चव हवी असेल तर व्हिस्की सोडून रमकडे वळा. मळीचा मद्यार्क रममध्ये आपल्या खऱ्या नावाने येतो. मोहन मीकिनची ओल्ड मंक १९५४ पासून तेच करते आहे, आणि या भावाच्या बहुतेक व्हिस्क्यांपेक्षा ती प्रामाणिक आहे.

दीड ते तीन हजार. ही भारतात बाटलीबंद होणाऱ्या स्कॉचची पायरी: टीचर्स, १०० पाइपर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९, ब्लॅक डॉग. यांची व्हिस्की स्कॉटलंडातच मुरते, टँकरने येते आणि इथे भरली जाते, म्हणून कर कमी पडतो. ‘इथे भरलेली म्हणजे नकली’ हा गैरसमज सोडून द्यावा. माझा कौल टीचर्सला. ब्लेंडच्या मानाने तिच्यात माल्टचं प्रमाण बरंच आहे आणि आर्डमोर डिस्टिलरीचा हलका धूर आहे; सोड्यातही ती हरवत नाही. दर रुपयामागे सर्वांत जास्त चव याच पायरीवर मिळते.

तीन ते पाच हजार. इथे गोंधळ होतो, कारण नावाजलेल्या आयात ब्लेंड आणि नव्या भारतीय माल्ट एकाच फळीवर येतात. नव्याने व्हिस्की चाखू पाहणाऱ्याला जेमिसन किंवा पॉल जॉनची ४० टक्क्यांची निर्वाणा. गोड, व्हॅनिलाकडे झुकणारी आवडत असेल तर जिम बीमसारखी बर्बन. फळं आणि मसाले हवे असतील तर इंद्री त्रिणी, ४६ टक्क्यांची. ४६ हा आकडा लेबलावर दिसला की जरा थांबा. एवढ्या ताकदीला व्हिस्की थंड करून गाळायची गरज पडत नाही. त्या गाळणीत गढूळपणाबरोबर थोडी चव आणि तेलकट भारही जातो.

पाच ते दहा हजार. स्पेसाइडची ग्लेनलिव्हेट किंवा ग्लेनफिडिच बारा वर्षांची घेतली तर नेमस्त, नाशपाती-सफरचंदाच्या अंगाची व्हिस्की मिळते. तक्रारीला जागा नाही आणि आठवणीत राहण्यासारखंही फार नाही. त्याच पैशात अमृत फ्यूजन किंवा धुराची पॉल जॉन बोल्ड जास्त बोलतात. स्कॉचच्या किमतीत सीमाशुल्क बसलेलं आहे, भारतीय माल्टच्या किमतीत ते नाही. म्हणून इथे तेच पैसे कराऐवजी काचेच्या आत खर्च होतात. ब्रिटनच्या कराराने शुल्क उतरत गेलं की हे पारडं हलेल. आज ते आपल्या बाजूला आहे.

दहा हजारांपुढे. अठरा वर्षं, लाकडी पेटी, मखमली अस्तर. अनुभवी जिभेला इथे खजिना आहे. ज्याची जीभ अजून चौथ्या पायरीवर रुळलेली नाही त्याने पाचव्यावर उडी मारू नये. काचेत व्हिस्की मुरत नाही. वीस वर्षं कपाटात जपलेली बारा वर्षांची बाटली बारा वर्षांचीच राहते, आणि उघडून अर्धी केलेली बाटली काही महिन्यांत हवेने ढेपाळते. जपून ठेवण्यापेक्षा चार माणसांत उघडावी.

कायद्याचंही सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रात व्हिस्की प्यायला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात आणि कागदोपत्री परवानाही लागतो: एका दिवसाचा पाच रुपयांचा, वर्षाचा शंभराचा, आयुष्यभराचा हजाराचा. परमिट रूम हे नाव त्यातूनच आलेलं. गोव्यात भाव कमी दिसतात म्हणून डिकी भरून निघणाऱ्यांची पुढची गाठ सिंधुदुर्गात इन्सुलीच्या नाक्यावर पडते. ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी तिथे नेहमीची. कुंकळ्ळीची माल्ट गोव्यात प्यावी, महाराष्ट्रात महाराष्ट्राचा कर भरलेली घ्यावी.

आणि शेवटचं लेबल डोळ्याआड करण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. इतरत्र गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, ती त्यांच्या घरात काय चाललं होतं हे पाहून. चवीच्या गप्पा मारणाऱ्या लेखाने हे विसरून चालणार नाही. चाखणारा माणूस तीस मिलीत तासभर घालवतो. खंबा संपवायला बसलेल्याला कुठलीच व्हिस्की चांगली लागत नाही आणि कुठलीच चांगली करत नाही.

तेव्हा कुणी विचारलंच, तर माझं उत्तर असं: सोडा घालणार असाल तर टीचर्स, पाण्याचे थेंब घालणार असाल तर फ्यूजन, साहेबांच्या आवडीचा अंदाज नसेल तर जेमिसन; आणि पीत नसाल, तर या दिवाळीत सुरू करायचं काहीही कारण नाही.